आधी सांगा, काम काय करता?

मिरजेतल्या एका रेडिओलॉजिस्टचा दिवस

सकाळी 7:50

सेंटरचं शटर अर्धंच वर गेलेलं असतं तेव्हा मी रात्रीचे स्कॅन उघडते. या वेळेला फोन वाजत नाही आणि चहा गरम असताना पिता येतो. मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथं रुग्णालय सुरू केलं आणि त्यानंतर दवाखाने वाढतच गेले. जंक्शनवर गाडी थांबली की सोलापूर, कोल्हापूर, बेळगाव, विजापूरकडची माणसं हातात फाइल घेऊन उतरतात. त्यांतली काही दिवसभरात माझ्या स्क्रीनवर येतात, बहुतेकदा चेहऱ्याशिवाय.

आजचा पहिला स्कॅन 68 वर्षांच्या गृहस्थांचा. चिठ्ठीवर एवढंच: ‘दम लागतो. छातीत गाठी. कॅन्सर?’

दोन फुप्फुसांच्या मधे, श्वासनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आजूबाजूला लसीका ग्रंथी सगळ्यांनाच असतात. आमच्या बोलण्यात त्या ‘नोड’. फुप्फुसातून येणारा द्रव त्यांच्यातून गाळून पुढे जातो. सीटीवर नोडची आखूड बाजू मोजायची. ती 10 मिलिमीटरच्या पुढे गेली की नोड मोठा. श्वासनलिका दुभंगते तिथल्या नोडला 12 पर्यंत सूट. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि माझ्या मते निम्मी घबराट त्यातूनच येते. धूळ, धूर आणि जुना क्षय जिथं घरोघरी आहे तिथं 11 मिलिमीटरचा नोड ही काही बातमी नव्हे. 2018 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या समितीनेही तेच सुचवलं: दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटीत सहज दिसलेला नोड 15 मिलिमीटरच्या आत असेल आणि बाकी काही वावगं नसेल, तर त्याच्या मागे लागू नका.

या गृहस्थांचे नोड 12-13 चे आहेत. पण त्यांच्याभोवतीची चरबी एकसारखी काळी दिसायला हवी, ती धुरकट झालीय. छातीत दोन्ही बाजूंना पाणी, फुप्फुसातल्या पडद्यांच्या रेषा जाड, हृदय मोठं. हृदय कमी पडलं की फुप्फुसात पाणी तुंबतं. ते वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या फुगतात आणि त्यांच्या वाटेवरचे नोडही. मी लिहिलं: चित्र हार्ट फेल्युअरचं, नोड त्यामुळेच वाढले असण्याची शक्यता जास्त, पाणी उतरल्यावर शंका राहिलीच तर पुन्हा स्कॅन, आत्ता बायोप्सी नको. इको झालाय का, ते फोन करून विचारलं. झाला होता, तीन दिवसांपूर्वी. चिठ्ठीवर त्याबद्दल एक शब्द नाही.

9:15

19 वर्षांची नर्सिंगची विद्यार्थिनी, सोबत वडील. दीड महिना बारीक ताप, वजन उतरलेलं, खोकला म्हणावा तर नाहीच. एक्स-रेत श्वासनलिकेच्या उजवीकडची कड जाड दिसते. टेक्निशियनने क्रिएटिनिन बघून घेतलं. पाळीची तारीख विचारली तेव्हा मुलगी खाली बघायला लागली, म्हणून वडिलांना पैसे भरायला काउंटरवर पाठवलं. हा प्रश्न वगळता येत नाही. छातीच्या सीटीचं रेडिएशन साध्या एक्स-रेच्या कित्येक पट असतं.

“डाय आत गेला की अंग गरम होईल, तोंडाला लोखंडासारखी चव येईल, लघवी झाली असं वाटेल. होत नाही, घाबरू नका,” टेक्निशियन सांगतो. दिवसात किती वेळा सांगतो कोण जाणे, पण दर वेळी नव्यानं सांगितल्यासारखं सांगतो.

डायशिवायच्या चित्रात नोड आणि रक्तवाहिनी दोन्ही सारख्याच करड्या. डाय गेला की वाहिन्या पांढऱ्याशुभ्र होतात आणि नोड वेगळे पडतात. हिच्या श्वासनलिकेच्या उजवीकडे तीन नोड एकमेकांना चिकटलेले, मोठा 24 मिलिमीटरचा. कड उजळलेली, मधला भाग काळपट. मधे कर्सर ठेवला: 22 हाउन्सफील्ड युनिट. पाणी शून्य, चरबी उणे 100 च्या आसपास, स्नायू 50 च्या आगेमागे असं हे मोजमाप. सीटी ज्यांनी बनवला त्या गॉडफ्री हाउन्सफील्ड यांचं नाव त्याला दिलंय. नोडचा मधला भाग मेलाय (नेक्रोसिस), तिथं रक्त पोचत नाही, म्हणून तो डाय घेत नाही. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात बारीक फांदीला कळ्या लागाव्यात तसे ठिपके. त्याला आम्ही ट्री-इन-बड म्हणतो.

तिला विचारलं, ड्यूटी कुठल्या वॉर्डात होती? “मेडिसिन. मग चेस्ट.” चिठ्ठीत हे असतं तर स्कॅनच्या आधीच निम्मं काम झालं असतं.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. काळ्या मध्याचा, उजळ कडेचा, उजव्या बाजूचा नोड तरुण मुलीत दिसला की इथल्या कुठल्याही रेडिओलॉजिस्टच्या मनात पहिलं नाव क्षयाचंच येतं, आणि यावंच. तरी मी ‘क्षयच’ असं लिहीत नाही. ‘क्षयाची शक्यता सर्वाधिक, नमुना घेऊन सीबीनॅट आणि कल्चर करावं’ असं लिहिते. सीबीनॅट म्हणजे क्षयाच्या जंतूची जनुकीय चाचणी. लिम्फोमासुद्धा क्वचित असा दिसतो. आणि क्षयच निघाला तरी त्यावर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालतं की नाही, हे चित्र सांगत नाही.

वडील दारात उभे. “मॅडम, क्यान्सर न्हाई न्हवं?”

“तसं वाटत नाही. टीबीसारखं दिसतंय. नक्की करायला तपासणी लागेल.”

सुटकेऐवजी चेहरा आणखी उतरला. “पोरीचं बघायचं चाललंय,” ते हळूच म्हणाले. स्थळ आलेलं आहे. कॅन्सर नसल्याचा आनंद टीबीच्या नावाखाली दबून जाताना मी पुष्कळदा पाहिलाय. मी बसवून सांगितलं: निदान पक्कं झालं आणि साधी औषधं चालणार असतील तर 6 महिने, पहिले 2 महिने चार औषधं, मग 4 महिने तीन. सरकारी औषधं फुकट. निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद करावीच लागते, 2012 पासून ती सक्तीची आहे, पण ती यादी गावात लावत नाहीत. आहारासाठी महिना 1000 रुपये खात्यात येतात. लग्नाचं काय करायचं ते तिला विचारा, असंही म्हटलं. ते माझं काम नव्हे, पण म्हटलं.

10:40

ज्युनिअर डॉक्टर धावत येतो: “मॅडम, महाधमनीच्या मागे नोड, 14 मिलिमीटर!” आकार चंद्रकोरीचा, मोजलं तर 6 युनिट, म्हणजे पाणी. हृदयाभोवतीच्या पिशवीची एक खाच तिथवर वर जाते आणि तीत थोडं पाणी असतं, निरोगी माणसातही. त्याला बसवून आडव्या-उभ्या कापांत ती खाच दाखवली. पुढच्या आठवड्यात तो अशीच एखादी आणेल. आणावी. न आणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

11:20

छातीच्या डॉक्टरांचा फोन. “मॅडम, इचलकरंजीच्या त्या शिक्षिकाबाई आठवतात का? एबसचा रिपोर्ट आलाय.”

आठवतात. 43 वर्षांच्या. कुठंतरी एक्स-रेत गाठी दिसल्या, पुराव्याशिवाय क्षयाची औषधं चालू झाली आणि पाच महिन्यांनी चित्र जिथल्या तिथं. मागच्या पंधरवड्यात स्कॅन माझ्याकडे झाला. फुप्फुसांच्या दोन्ही मुळांशी सारखेच वाढलेले नोड आणि श्वासनलिकेच्या उजवीकडे आणखी. एकेक सुटा, आतून एकसारखा, काळा मध्य कुठंच नाही. दोन-अडीच सेंटिमीटरचे असूनही शेजारच्या श्वासनलिका चेपलेल्या नाहीत. क्षयाचे किंवा कॅन्सरचे एवढे नोड सहसा एवढे सभ्य नसतात. फुप्फुसाच्या पाकळ्यांमधल्या रेषांवर आणि श्वासनलिकांच्या कडेकडेनं बारीक दाणे.

त्या दिवशी मी बाईंना टेबलावरून उतरताना विचारलं, सुरुवातीला पायांवर काही उठलं होतं का? “हो की! नडगीवर लाल, दुखरे फोड. घोटेही सुजले होते. वर्गात दिवसभर उभं राहते, त्यानं झालं असेल म्हटलं.” पाच महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं, कारण छातीच्या डॉक्टरांकडे पायाचं कोण सांगतं? नडगीवरचे लाल फोड, सुजलेले घोटे आणि छातीत दोन्हीकडे सारखे नोड हे त्रिकूट स्वीडनच्या स्वेन लॉफग्रेन यांच्या नावानं ओळखलं जातं. आजार सारकॉइडोसिस. जंतू सापडत नाही, कॅन्सर नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच ठिकठिकाणी पेशींचे पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा, उभे करते. आपल्याकडे लाल फोड क्षयातही उठतात, हा आणखी एक घोळ.

लंडनच्या स्कॅडिंग यांनी 1961 मध्ये एक्स-रेवरून या आजाराचे टप्पे मांडले. नुसते नोड असतील तर 1, नोड आणि फुप्फुस दोन्ही असतील तर 2, नुसतं फुप्फुस असेल तर 3, आणि फुप्फुस आखडून गेलं असेल तर 4. बाईंचा टप्पा दुसरा. मात्र या पायऱ्या नव्हेत. पहिल्यावरचा रुग्ण दुसऱ्यावर चढतोच असं नाही. पहिल्या टप्प्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांचे नोड काहीही न करता उतरतात. इंटरनेटवर ‘स्टेज 2’ वाचून बाईंनी रात्र जागून काढली होती, म्हणून मी आता रिपोर्टात टप्प्याचा आकडा लिहीत नाही. वर्णन लिहिते.

डॉक्टरांना तेव्हाच स्टेरॉइड सुरू करायचं होतं. मी म्हटलं होतं, आधी तुकडा घ्या. सारकॉइड समजून स्टेरॉइड दिलं आणि आत क्षय निघाला तर तो पसरायला मोकळं रान. उलट, सारकॉइडला क्षयाची औषधं देत बसलो तर यकृताला त्रास होईल आणि वर्ष जाईल. एबस म्हणजे टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असलेली दुर्बीण. ती श्वासनलिकेत उतरते, नळीच्या भिंतीपलीकडचा नोड पडद्यावर दिसतो आणि सुई त्यात जाताना दिसते. कुठल्या नोडमधून घ्यायचं ते आम्ही आकड्यांनी बोलतो. 2009 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी ठरवलेला जागतिक नकाशा आहे, तोच आता सगळ्या आजारांना वापरतात. मी सांगितलं होतं, 7 आणि 4-आर.

“दोन्हीकडे ग्रॅन्युलोमा. नेक्रोसिस नाही. सीबीनॅट निगेटिव्ह,” डॉक्टर वाचतात.

“कल्चर?”

“लावलंय. सहा आठवडे धरा.”

“डोळे दाखवले का? आणि ईसीजी?”

“आज सांगतो.”

डोळ्यांत आणि हृदयातही हा आजार घर करतो. छातीतले नोड सगळ्यांत ठळक दिसतात म्हणून सगळे तिथंच बघत बसतात. त्रास बहुधा दुसरीकडून होतो.

12:30

पुण्याहून मुलीकडे आलेले निवृत्त अधिकारी. फुप्फुसात धुरकट चकत्या, मधेमधे हवा अडकलेले काळे पट्टे आणि 11-12 चे चार-पाच नोड. फुप्फुस जुनाट सुजलं की नोड एवढे वाढतातच, त्यांच्या मागे सुई घेऊन धावायचं कारण नाही. विचारलं, घरी पक्षी? “नाही हो. बाल्कनीत कबुतरं येतात, हिला दाणे टाकायची सवय.” 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद पेटला त्यात दोन्ही बाजू फार आवाज करत होत्या. माझ्यापुरता मुद्दा या एका फुप्फुसाएवढाच आहे. विष्ठा-पिसांच्या धुळीची ॲलर्जी, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, असा संशय लिहिला. ‘दाणे’ हा शब्द रिपोर्टात कुठं घालायचा ते सुचेना. कंसात घातला.

1:20

डबा. ज्वारीची भाकरी, शेपूची भाजी. मोबाइलवर चुलत वहिनीचा मेसेज: तिच्या बहिणीचा पेट स्कॅन, सोबत रडणारे चार चेहरे. बहिणीला पाच वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर होऊन गेला. आता छातीतल्या नोडमध्ये ‘चमक’ दिसली आणि कुणीतरी घरच्यांना चौथी स्टेज सांगून मोकळं झालं.

पेटमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात. जी पेशी साखर जास्त खाते ती चमकते. कॅन्सरची पेशी खाते, तशी क्षयातली आणि सारकॉइडमधली सुजलेली पेशीही अधाशासारखी खाते. पश्चिमेकडच्या पुस्तकांत हे तळटीपेत असतं, आपल्याकडे ते पहिल्या ओळीत हवं. चित्र मोठं करून पाहिलं: दोन्ही मुळांशी सारखेच नोड, यकृत-हाडं स्वच्छ. कॅन्सर होऊन गेलेल्यांत सारकॉइडसारखी प्रतिक्रिया उठते, हे माहीत असलेली गोष्ट आहे. ती हीच आहे असं मी मोबाइलवर कसं सांगू? कॅन्सर परतलाही असेल. वहिनीला कळवलं: केमो ठरवण्याआधी नोडमधला नमुना घ्यायला सांगा, डॉक्टरांना माझा नंबर द्या. भाकरी तोवर वातड झाली होती.

2:30

51 वर्षांचे कामगार. दोनदा क्षयाचे कोर्स झालेले. चिठ्ठीवर ‘टीबी?’

“काम काय करता?”

“कंपनीत हाय.”

“कंपनीत काय?”

“शिरोलीला. फौंड्री. जॉब गार झाला की वाळू झाडायची.”

“किती वर्षं?”

“लगीन झालं तवापास्नं.”

शिरोली, गोकुळ शिरगाव हा कोल्हापूरचा फाउंड्री पट्टा. ओतकामाचे साचे वाळूचे, वाळूत सिलिका, आणि साचा फोडून वाळू झाडताना उडणारी सगळ्यांत बारीक धूळ थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. संरक्षक पेशी ती उचलून नोडपर्यंत नेतात आणि तिथं ती कायमची बसते. स्कॅनमध्ये दोन्ही मुळांचे नोड कडेनं चुन्यासारखे पांढरे, पातळ कवचासारखे. एगशेल कॅल्सिफिकेशन. वरच्या भागात गोल दाणे, दोन ठिकाणी ते एकत्र येऊन गोळा झालाय. असं कवच सारकॉइडमध्येही दिसतं, रेडिएशन घेतलेल्या लिम्फोमातही. पण वाळू झाडणाऱ्या माणसात ते दिसलं तर फार विचार करावा लागत नाही. मंदसौरचे पाटीच्या पेन्सिली कापणारे आणि खंभातचे अकीक घासणारे कामगार याच चित्राने वैद्यकाच्या पुस्तकांत पोचले. कोल्हापूरचं नाव तेवढं येत नाही, म्हणून इथला सिलिकोसिस ‘टीबी?’ या चिठ्ठीखाली लपतो. सिलिका बसलेल्या फुप्फुसात क्षय सहज शिरतो, त्यामुळे चिठ्ठी अगदीच चूक नसते. ती अर्धी असते.

“मॅडम, त्ये कामाचं लिवू नका. सायबाला कळलं तर बसवत्याल घरी.”

या विनंतीला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. 1948 च्या कारखाना कायद्यानं सिलिकोसिस हा कळवणं सक्तीचा असलेला आजार ठरवला. भरपाई मागायची झाली तर कागदावर तो शब्द लागतोच, आणि धूळ थांबली नाही तर काय होणार तेही मला दिसतंय. मी सिलिकोसिस लिहिलं. सोबत थुंकीची सीबीनॅट करायला सांगितली. त्यांना समोर बसवून कागद कुणाला दाखवायचा आणि आधी कुणाला विचारायचं ते सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले. पटलं नव्हतं.

4:10

जतकडच्या आजी, वय 70. कन्नड आणि मराठी मिसळून बोलतात. टेक्निशियनची आई तिकडची, तो दुभाषा. उजव्या फुप्फुसाचा मधला भाग बसलाय, तिथं जाणारी नळी अरुंद झालीय, शेजारी नोड. बाहेरच्या एका रिपोर्टात ‘कॅन्सर, अन्यथा सिद्ध होईपर्यंत’ असं ठणकावून लिहिलेलं. मी आधी डायशिवायचे काप काढले. नोड डायशिवायच उजळ दिसतायत. आणि नीट पाहिलं तर डावीकडच्याही दोन नळ्या गुळगुळीतपणे अरुंद झाल्यात. कॅन्सर सहसा एका नळीला धरतो.

“स्वयंपाक कशावर?”

“गॅस ऐती. भाकरी मात्र चुलीवरच.” उज्ज्वला योजना 2016 ची, सिलिंडर घरात आला, तरी भाकरीची चव चुलीचीच लागते आणि भरायचे पैसेही वाचतात. 50 वर्षांचा शेण्या-लाकडांचा धूर. काजळी नोडमध्ये साठते, नोड आकसताना शेजारची नळी ओढून घेतो. अँथ्राकोफायब्रोसिस म्हणतात याला, आणि ग्रामीण बायकांत तो जितका असतो तितका लिहिला जात नाही. दुर्बिणीत नळीच्या आतल्या भिंतीवर काळे डाग दिसतील. क्षयाशी याचं जवळचं नातं आहे, म्हणून तोही शोधायला सांगितला. कॅन्सरची शक्यता पुसून टाकली नाही, यादीत खाली नेली. ती पुसायचा अधिकार दुर्बिणीचा.

5:30

सोनोग्राफीची रांग, फॉर्म एफ, सह्या. या तासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

6:45

दिवसातलं शेवटचं छातीचं काम: दोन महिन्यांपूर्वी क्षय पक्का झालेल्या 26 वर्षांच्या मुलाचा दुसरा स्कॅन. तुलना उघडली. तेव्हा नोड 18 चा, आज 26, आणि शेजारी एक नवा. डॉक्टर तरुण, फोनवर आवाज घाबरलेला: “मॅडम, औषधं लागू पडत नाहीत. बदलू का?”

“वजन किती?”

“थांबा… चार किलो वाढलंय.”

“ताप?”

“पंधरा दिवस नाही.”

“कल्चरची सेन्सिटिव्हिटी?”

“रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड दोन्ही चालतायत.”

“औषधं नियमित घेतोय?”

“आई समोर उभी राहून देते.”

जंतू मरतात, त्यांचे अवशेष नोडमध्ये पडून राहतात आणि सावरलेली प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. नोड फुगतो, पेशंट बरा होत असतो. नोडच्या क्षयात हा उलटा खेळ नवा नाही. आणि कोर्स संपल्यावरही काही नोड तसेच राहतात. नुसता आकार उरला म्हणून औषधं लांबवत बसायचं नसतं. त्यांना सांगितलं, श्वासनलिका चेपलेली नाही, हीच चालू ठेवा, महिन्यानं बोलू. मग रिपोर्ट डिक्टेट करायला घेतला. वजन, ताप या गोष्टी रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टात लिहीत नाहीत असा शिरस्ता आहे. मी पहिल्या ओळीत वजन घातलं, दुसऱ्या ओळीत सेन्सिटिव्हिटी, आणि नोडचे मिलिमीटर तिसऱ्या.